बुडी आणि नोंदवही

समुद्रशास्त्रज्ञ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र येते. पाठीवर हवेची नळकांडी बांधून निळ्या पाण्यात उतरलेला माणूस, किंवा पाणबुडीच्या जाड काचेमागून अंधारात पाहणारा चेहरा. शाळेच्या पुस्तकांतल्या चौकटी, रविवारच्या पुरवण्या आणि माहितीपट यांनी हे चित्र पक्के केले आहे. थोर समुद्रशास्त्रज्ञांची यादी कुणी करायला घेतली, तर जाक कूस्तो, जाक पिकार, सिल्व्हिया अर्ल ही नावे आधी येतात आणि प्रत्येकाच्या पुढे किती मीटर खोल, किती तास, किती बुड्या असे आकडे येतात.

ही माणसे मोठी, याबद्दल वाद नाही. पण समुद्र माणसाला कसा कळला, याचे उत्तर त्या यादीतून मिळत नाही, आणि मिळाल्यासारखे वाटते ते चुकीचे असते. माझे म्हणणे असे आहे: समुद्राविषयीचे आपले बहुतेक मूलभूत ज्ञान तीन कामांतून आले आहे. सगळीकडे एकाच ठरलेल्या रीतीने मोजणे, एकाच जागी वर्षानुवर्षे मोजत राहणे, आणि इतरांनी केलेली मोजणी एकत्र मांडून तिला नेमका प्रश्न विचारणे. ही तिन्ही कामे करणारी माणसे लोकांच्या स्मरणात नाहीत. समाज ज्यांना लक्षात ठेवतो त्यांच्यासारख्या कामालाच पुढे पैसा, पदे आणि तरुण माणसे मिळतात, म्हणून या विस्मरणाची किंमत आपण रोज मोजत आहोत.

१. समुद्र डोळ्यांना का पुरत नाही

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापला आहे आणि त्याची सरासरी खोली पावणेचार किलोमीटरच्या आसपास आहे. २०० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश वनस्पतींच्या उपयोगाचा राहत नाही, १,००० मीटरच्या खाली तो पोचतच नाही. रेडिओलहरी पाण्यात फार आत शिरत नाहीत, त्यामुळे उपग्रहालाही पाण्याचा वरचा पापुद्राच थेट दिसतो. पण अंधारापेक्षा मोठी अडचण काळाची आहे. पाण्याचा एखादा थर आज इथे असतो, महिन्याभराने शेकडो किलोमीटर दूर असतो, आणि काही बदल असे असतात की ते उमटायला दशके लागतात. एका माणसाने एका दिवशी एका जागी जे पाहिले, त्यातला नेहमीचा भाग कोणता आणि त्या दिवसाचा कोणता, हे सांगण्याचे साधन त्याच्या डोळ्यांत नसते.

२३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि अमेरिकी नौदलाचे डॉन वॉल्श 'त्रिएस्ते' या यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटर खोल उतरले. तळाशी ते सुमारे २० मिनिटे होते. यान टेकताना गाळ उसळला आणि छायाचित्रे घेता आली नाहीत. पिकार यांनी तिथे चपटा मासा पाहिल्याचे सांगितले. जीवशास्त्रज्ञांनी त्यावर लगेच शंका घेतली, आणि आजवर मासे कॅमेऱ्यात सापडले आहेत ते साडेआठ किलोमीटरच्या आतच. मानवी धैर्याच्या इतिहासात त्या बुडीची जागा पक्की आहे. समुद्रविज्ञानाच्या तक्त्यांत तिने घातलेली भर मात्र थोडी आहे, आणि तिचे सर्वांत गाजलेले निरीक्षण आज खरे मानले जात नाही.

२. तीच कृती, ३६२ वेळा

आधुनिक समुद्रविज्ञानाचा आरंभ 'चॅलेंजर' जहाजाच्या सफरीपासून धरतात. ब्रिटिश नौदलाचे हे जहाज डिसेंबर १८७२ मध्ये निघाले आणि मे १८७६ मध्ये परतले. चार्ल्स वायव्हिल थॉमसन हे शास्त्रज्ञांचे प्रमुख होते, जॉन मरे हे त्यांचे तरुण सहकारी. सव्वा लाख किलोमीटरचा प्रवास आणि विज्ञानाला नवे असलेले हजारो जीव, अशी तिची कीर्ती सांगितली जाते. तिचे खरे बळ वेगळ्या ठिकाणी होते. जहाज ३६२ ठरावीक ठाण्यांवर थांबले आणि शक्य तिथे त्याच कृती त्याच क्रमाने केल्या गेल्या: वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजायची, तळाचा नमुना घ्यायचा, निरनिराळ्या खोलींवरचे तापमान घ्यायचे, पाणी भरून घ्यायचे, तळावरून जाळे ओढायचे. खलाशांना या कामाचा इतका वीट आला की अनेक जण वाटेतच जहाज सोडून पळाले.

प्रवासाला साडेतीन वर्षे लागली, त्यातून निघालेला अहवाल पुरा व्हायला त्यानंतर १९. थॉमसन १८८२ मध्ये वारले आणि पन्नास खंडांचे ते काम मरे यांनी १८९५ मध्ये तडीस नेले. मोहिमेचा मोठा भाग अशा रीतीने एडिंबरोतल्या टेबलांवर घडला.

एकसारखेपणाचा आग्रह किती दूरवर पुरला, हे २०१२ मध्ये दिसले. डीन रोमिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'चॅलेंजर'ची तापमाने घेतली, त्या त्या जागची आजच्या तरंगत्या मापकांची तापमाने घेतली आणि वजाबाकी केली. १३५ वर्षांत पृष्ठभागाचे पाणी सरासरी ०.५९ अंशाने तापले होते आणि वरच्या ७०० मीटरचा थर सरासरी ०.३३ अंशाने. दोरीला तापमापक बांधून ती सोडणाऱ्यांना हवामानबदल हा शब्दही ठाऊक नव्हता. तापमापकाची जात, खोली आणि जागा त्यांनी नीट लिहून ठेवली होती, म्हणून त्यांना कधी न पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वहीत निघाले.

३. चुकलेला सिद्धांत आणि टिकलेली नोंद

अमेरिकी नौदलातले मॅथ्यू फाँटेन मोरी १८३९ मध्ये घोडागाडीच्या अपघातात पायाने अधू झाले आणि समुद्रावरची नोकरी त्यांना दुरावली. १८४२ मध्ये त्यांच्याकडे नकाशे आणि उपकरणांचे कोठार आले, आणि त्या कोठारात जुन्या जहाजांच्या रोजनिशा पडून होत्या. वारा कुठला, प्रवाह किती, तापमान काय, हे कप्तानांनी रोज लिहिलेले होते आणि कुणीही ते एकत्र वाचलेले नव्हते. मोरींनी ते वाचले, समुद्राचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात महिन्यावार वारे नि प्रवाह मांडले. पहिला नकाशा १८४७ मध्ये निघाला. पुढे त्यांनी एक साधा व्यवहार सुरू केला. ठरलेल्या नमुन्यात रोजनिशी भरून देईल त्या कप्तानाला नकाशे फुकट. १८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत अनेक देशांनी हवामान-नोंदीचा सामायिक नमुना मान्य केला.

मोरी आदर्श पुरुष नव्हते. अमेरिकी यादवीत ते गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने उभे राहिले. विज्ञानातही त्यांचे अनेक तर्क कोसळले. उत्तर ध्रुवाभोवती बर्फमुक्त समुद्र आहे, असे त्यांचे मत होते. जर्मन भूगोलतज्ज्ञ पेटरमन यांनीही ते हिरिरीने मांडले आणि त्या आशेवर 'जेनेट' हे जहाज उत्तरेला गेले. ते बर्फात अडकले, १८८१ मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बुडाले आणि मोहिमेतली बहुतेक माणसे गेली.

त्या दुर्घटनेचे अवशेष १८८४ मध्ये थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले. नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेन यांनी त्यावरून ताडले की ध्रुवीय बर्फ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वाहत जात असला पाहिजे. 'फ्राम' नावाचे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून १८९३ ते १८९६ अशी तीन वर्षे त्यांनी ते बर्फाबरोबर वाहू दिले. ही सफर साहसकथा म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. नान्सेन यांच्या वहीतली एक नोंद मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे: बर्फ वाऱ्याच्या दिशेने जात नाही, त्या दिशेच्या २० ते ४० अंश उजवीकडे जातो. ही नोंद व्हाग्न वाल्फ्रिड एकमन या तरुण स्वीडिश अभ्यासकापर्यंत पोचली आणि त्याने गणिताने कारण काढले. पृथ्वीच्या भ्रमणामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पाणी उजवीकडे कलते, खालचा थर वरच्यापेक्षा आणखी कलतो, आणि सगळ्या थरांची बेरीज केली तर पाणी वाऱ्याशी काटकोन करून सरकते. पुढे येणारी गोव्यासमोरची गोष्ट समजायला याच गणिताची गरज आहे.

मोरींचे तर्क गेले, त्यांनी गोळा केलेल्या रोजनिशा राहिल्या. जगभरच्या जहाजांच्या नोंदींचा जो आंतरराष्ट्रीय संग्रह आज वापरला जातो, त्यात मोरींचा संग्रहही आहे. जहाजांच्या अशाच नोंदींवर उभारलेल्या तापमानमालिका घेऊन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे पावसाळ्याच्या महिन्यांतले पृष्ठतापमान १.२ अंशांनी वाढले. मान्सूनच्या भवितव्याची आजची चर्चा ज्या आकड्यांवर चालते, त्यांच्या मुळाशी वाऱ्यापावसात तापमापक वाचून वहीत उतरवणारे अनाम खलाशी आहेत.

४. मेजावरून दिसलेली दरी

मेरी थार्प यांचे उदाहरण माझ्या मते या साऱ्या वादात निर्णायक आहे. १९४८ मध्ये त्या कोलंबिया विद्यापीठात आल्या आणि पुढे लॅमाँट वेधशाळेत ब्रूस हीझन यांच्याबरोबर काम करू लागल्या. संशोधन-जहाजांवर तेव्हा स्त्रियांना घेत नसत. हीझन समुद्रावर जाऊन प्रतिध्वनीने मोजलेल्या खोलींचे आकडे आणत, थार्प मेजावर त्या आकड्यांतून तळाचे छेद काढत. १९५२ मध्ये उत्तर अटलांटिकचे सहा छेद एकाखाली एक मांडल्यावर त्यांना दिसले, की मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येक छेदात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच आहे आणि या खाचा एका ओळीत येतात. ती खचदरी होती. समुद्रतळ तिथे फाटत होता, म्हणजे खंड सरकत असले पाहिजेत. तेव्हा अमेरिकी भूशास्त्रात असे म्हणणे जवळजवळ पाखंड होते. हीझन यांनी आधी ते बायकांच्या गप्पा म्हणून उडवून लावले.

त्याच खोलीत हॉवर्ड फॉस्टर हे तारा टाकण्याच्या कामासाठी समुद्राखालच्या भूकंपांची केंद्रे नकाशावर मांडत होते. दोन्ही नकाशे एकाच प्रमाणात होते. एकावर एक ठेवले तेव्हा भूकंपांचे ठिपके थार्प यांच्या दरीतच पडले. दोन वेगळ्या हेतूंनी ठेवलेल्या नोंदी एकमेकींवर बसल्या आणि शंकेला जागा उरली नाही.

इथे कूस्तो येतात, आणि त्यांचे मोठेपण असे की ते प्रामाणिकपणे आले. अशी दरी असेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. आपल्या 'कॅलिप्सो' जहाजामागे तळाजवळून कॅमेरा ओढत त्यांनी अटलांटिक ओलांडला आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महासागरविज्ञान परिषदेत तो चित्रपट दाखवला. दरी तिथे होती. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पाणबुड्याच्या कॅमेऱ्याने जे दाखवले, ते जहाजावर पाऊल ठेवायची मुभा नसलेल्या स्त्रीने सात वर्षे आधी आकड्यांत पाहिले होते.

या कथेत आपल्या बाजूचा समुद्रही आहे, हे आपल्याकडे क्वचित सांगितले जाते. जॉन मरे यांनी मागे ठेवलेल्या पैशातून १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' या इजिप्तच्या जहाजावरून अरबी समुद्राची पाहणी झाली. तिचे नेतृत्व सेमूर सीवेल यांनी केले. ते आधी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. त्या पाहणीतल्या खोलींवरून वाइझमन आणि सीवेल यांनी १९३७ मध्ये अरबी समुद्राच्या तळरचनेचे आफ्रिकेतल्या खचदऱ्यांशी साम्य दाखवले होते. आणि १९६३ मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी समुद्रतळ पसरत असल्याचा चुंबकीय पुरावा मांडला, तो याच समुद्रातल्या कार्ल्सबर्ग रांगेवर 'ओवेन' जहाजाने केलेल्या मोजणीच्या आधारे. भूपट्टांच्या सिद्धांताचा एक मोठा आधार आपल्या किनाऱ्यापासून पश्चिमेला याच पाण्याखाली आहे. शाळेत आपण तो अटलांटिकच्या आकृतीवरून शिकतो.

५. न विचारलेल्या प्रश्नांची कोठारे

ॲलिस्टर हार्डी यांनी प्लवक पकडण्याचे एक यंत्र केले. ते जहाजामागे ओढले जाते, आत रेशमी जाळीची पट्टी हळूहळू गुंडाळत जाते आणि पाण्यातले सूक्ष्म जीव तिच्यावर दाबले जाऊन टिकून राहतात. १९३१ पासून हे यंत्र मालवाहू जहाजांमागे बांधले जाऊ लागले. संशोधनासाठी वेगळे जहाज नको, जे जहाज रोज त्या वाटेने जातेच त्यालाच नोंद करू द्यायची, ही हार्डी यांची कल्पना मला फार मोलाची वाटते. उत्तर अटलांटिकमधले उबदार पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव चार दशकांत सुमारे दहा अक्षांश उत्तरेकडे सरकले, हे या पट्ट्यांवरूनच २००२ मध्ये कळले. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या पट्ट्या पुन्हा उघडल्या आणि प्लास्टिकचे सूक्ष्म कण शोधले. ते १९६० च्या दशकातल्या पट्ट्यांतही होते आणि पुढच्या दशकांत वाढत गेले होते. प्लवक मोजायला ठेवलेल्या पट्ट्यांनी समुद्रातल्या प्लास्टिकचा इतिहास दिला. हे सर्वेक्षण १९८० च्या दशकाच्या अखेरीस पैशाअभावी जवळजवळ संपले होते.

नोंद टिकायची तर ती अचूक हवी, आणि अचूकपणासाठी कधी बलाढ्य देशासमोर उभे राहावे लागते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर उद्जन बाँबची चाचणी केली आणि जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. जपानच्या कात्सुको सारुहाशी यांनी समुद्राच्या पाण्यातल्या कार्बनी आम्लाच्या मोजणीचे तक्ते त्याच सुमारास तयार केले आणि ते पुढे दशकानुदशके जगभर वापरले गेले. चाचणीनंतर त्यांनी सहकाऱ्यांसह पाण्यातला किरणोत्सार मोजला. त्यांचे आकडे अमेरिकी आकड्यांपेक्षा बरेच जास्त होते आणि त्यांच्या पद्धतीवर संशय घेतला गेला. १९६० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत जाऊन त्यांनी तिथल्या तज्ज्ञाबरोबर तेच नमुने मोजले आणि आपली पद्धत खरी ठरवून दाखवली. हे धाडस कोणत्याही खोल बुडीच्या तोडीचे आहे.

६. गोव्यासमोरचे गुदमरलेले पाणी

१९६० च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी केली. भारताच्या बाजूने तिचे सूत्रधार एन. के. पणिक्कर होते. त्या पाहणीतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. संस्था गोव्यात दोनापावला येथे आहे. आपल्या किनाऱ्याविषयी आज जे काही ठामपणे सांगता येते, त्यातला मोठा वाटा तिथल्या सलग नोंदींचा आहे.

सय्यद वाजिह नक्वी यांचे काम त्यातले पहिल्या प्रतीचे आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. पृष्ठभागावर भरपूर प्लवक वाढते, मरून खाली जाते, जिवाणू ते कुजवताना ऑक्सिजन संपवतात, आणि उत्तरेकडे जमीन असल्याने या थराला ताजे पाणी पुरेसे मिळत नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचा रोख आणि दूरवरून किनारा धरून येणाऱ्या लाटा यांमुळे वरचे पाणी बाहेर सरकते आणि हे थंड, ऑक्सिजनहीन पाणी उथळ तळावर चढते. त्याच वेळी नद्यांचे आणि पावसाचे हलके गोडे पाणी वर पातळ थरासारखे पसरते, त्यामुळे वरची हवा खाली मिसळत नाही. खालच्या थरातले जिवाणू आधी उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, आणि शेवटी सल्फेटवर उतरतात. तेव्हा पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे टोकाला जाते. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की या काळात इथून नायट्रस ऑक्साइड हा प्रखर हरितगृह वायूही मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो.

हे समजले कारण गोव्यातल्या कांदोळीसमोर एका ठरलेल्या जागी १९९७ पासून पुन्हा पुन्हा पाणी घेतले गेले. जागा उथळ आहे, तिथे कुणी खोलीचा विक्रम करणार नाही. जानेवारीत तिथे गेलेल्या पाणबुड्याला निरोगी समुद्र दिसेल. ऑक्टोबरात गेला तर मृत्यू दिसेल, पण तो दर वर्षीचा आहे की यंदाचा, वाढतो आहे की नाही, हे त्याला कळणार नाही. माणसाने शेतात ओतलेल्या खतामुळे हे वाढते आहे का, हा प्रश्न मासेमारीवर जगणाऱ्या लाखोंसाठी जीवनमरणाचा आहे आणि त्याचे उत्तर दोन काळांतल्या नोंदींच्या तुलनेतूनच मिळू शकते. घटना जून-जुलैत सुरू होते. तेव्हा मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि छोटी होडी बाहेर काढता येत नाही. सर्वांत हवी असलेली नोंद सर्वांत अवघड महिन्यांतली असते.

इथेच सतीश शेट्ये यांचा उल्लेख हवा. गोव्याच्याच या समुद्रशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे प्रवाह मोजून आणि गणिताने मांडून दाखवले की पश्चिम किनाऱ्यावरचा प्रवाह केवळ तिथल्या वाऱ्याने ठरत नाही, बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांचा परिणाम किनाऱ्याला धरून लाटेच्या रूपाने इकडे येतो. रत्नागिरीचा समुद्र समजायला चेन्नईचा वारा लागतो. असे नाते जोडायला दोन्हीकडच्या नोंदी लागतात.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्रपातळीची नोंद आहे. हिंदी महासागरात इतकी जुनी मालिका दुर्मीळ आहे. पातळी वर्षावर्षाला काही सेंटिमीटर खालीवर होते, तिच्यात दडलेली वाढ वर्षाला मिलिमीटरची. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ मध्ये उत्तर हिंदी महासागरातल्या बंदरांच्या जुन्या नोंदींवरून ही दीर्घकालीन वाढ वर्षाला एक ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान असल्याचे दाखवले. दहा वर्षांच्या नोंदीतून असा आकडा भरवशाने निघत नाही.

७. चार आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ 'अल्विन' पाणबुडीतून उतरलेल्या शास्त्रज्ञांना तळातून निघणारे उष्ण झरे आणि त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशावाचून फुललेले जीव सापडले. कुठल्याही वहीत हे नव्हते, जाऊन पाहिल्यावाचून ते कळले नसते. हे मला मान्य आहे. तरी क्रम पाहावा. 'अल्विन'च्या आधी जहाजामागून एक कॅमेरा ओढला गेला. तो तापमानही नोंदवत होता आणि एका क्षणी तापमानाची रेघ उसळली. हजारो छायाचित्रांपैकी नेमक्या त्या क्षणाच्या मोजक्या चित्रांत शिंपले होते. पाणबुडी तिथे उतरली ती या नोंदीमुळे. पुढचा प्रश्न होता, तोंड आणि आतडे नसलेले ते नळीतले किडे जगतात कशावर. त्याचे उत्तर कॉलीन कॅव्हनॉ या विद्यार्थिनीने १९८१ मध्ये जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या अभ्यासातून दिले: त्यांच्या शरीरातले जिवाणू गंधकयुक्त वायूवर अन्न बनवतात. बुडी आवश्यक आहे. ती दोन नोंदींच्या मधली पायरी आहे.

दुसरा आक्षेप असा, की मोजणे ही कारकुनी आहे, प्रतिभा सिद्धांतात असते. हेन्री स्टोमेल यांच्यापेक्षा मोठा सिद्धांतकार या विज्ञानात क्वचितच झाला. गल्फ स्ट्रीमसारखे प्रवाह महासागराच्या पश्चिम काठालाच का एकवटतात, हे त्यांनी १९४८ मध्ये काही पानांत सोडवले. त्याच स्टोमेल यांनी बर्म्युडाजवळ एका ठरलेल्या जागी १९५४ पासून नियमित मोजणी सुरू करवली आणि ती आजही चालू आहे. गल्फ स्ट्रीमच्या खाली उलट दिशेचा प्रवाह असावा हे त्यांचे भाकीत खरे ठरले, ते जॉन स्वॉलो यांनी ठरावीक खोलीवर तरंगत राहणारी उपकरणे बनवून १९५७ मध्ये तो मोजल्यावर. नुसत्या आकड्यांचा ढीग ज्ञान होत नाही, हे खरेच. म्हणूनच वर मी तिसरे काम प्रश्न विचारण्याचे म्हटले आहे.

तिसरा आक्षेप: आता यंत्रे आहेत, माणसाच्या चिकाटीचे काय काम? जगात सुमारे चार हजार तरंगते मापक दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोलीपासून वर येत तापमान आणि क्षारता पाठवतात. हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था त्यात भारताचा वाटा उचलते. ही फार मोठी मिळकत आहे. पण हे मापक किनाऱ्याच्या उथळ पाण्यात येत नाहीत, बहुतेकांवर ऑक्सिजन मोजण्याची सोय नाही, आणि त्यांचे आकडे खरे आहेत का हे पाहायला जहाजावरून घेतलेले नमुनेच लागतात. कांदोळीचे काम ते करू शकत नाहीत.

चौथा: मुलांना वीरपुरुष हवे असतात. हवेच. मेरी थार्प आणि कात्सुको सारुहाशी यांच्या कथा मुलांपुढे ठेवून तर पाहा.

८. मग काय करावे

केंद्र सरकारने २०२१ मध्ये खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये. तिच्यात चेन्नईच्या संस्थेत तयार होणारे 'मत्स्य-६०००' हे यान आहे, तिघांना सहा हजार मीटर खोल नेणारे. ते व्हावे. १९८१ च्या जानेवारीत 'गवेषणी' जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून पहिल्यांदा बहुधात्विक गोळे वर आणले, तेव्हापासून तळाची ही ओढ आपल्याला आहे आणि तिच्यात गैर काही नाही. पण वर्तमानपत्रांत या मोहिमेची बातमी म्हणजे त्या यानाचे चित्र असते. तिच्यातल्याच हवामानबदलाच्या निरीक्षणांचा भाग कुणाला माहीत नसतो.

महाराष्ट्राचा किनारा डहाणूपासून वेंगुर्ल्याच्या पुढेपर्यंत, जुन्या मोजणीनुसार ७२० किलोमीटर आहे. त्यावर कांदोळीसारखी पाच ठिकाणे ठरवावीत आणि दर पंधरवड्याला तापमान, क्षारता, ऑक्सिजन, नायट्रेट आणि प्लवक मोजावे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, किनाऱ्यावर इतरही महाविद्यालये आहेत. हार्डी यांनी मालवाहू जहाजांना जे काम दिले ते इथल्या मच्छीमार बोटींना देता येईल. नारळी पौर्णिमेनंतर त्या समुद्रात जातातच, जाळ्याला बांधलेला लहान मापक त्यांच्या कामात अडथळा आणत नाही, आणि मिळालेला आकडा त्यांनाच आधी कळवला तर तो त्यांच्याही उपयोगाचा ठरेल. पावसाळ्याच्या बंद महिन्यांसाठी तळाशी नांगरलेली उपकरणे लागतील आणि खर्चाचा मोठा भाग तिथे जाईल.

याला खरी अडचण पैशाची नाही, मुदतीची आहे. संशोधनाला पैसा तीन किंवा पाच वर्षांसाठी मिळतो, शेवटी नवे निष्कर्ष दाखवावे लागतात, आणि अशा मालिकेतून पहिल्या दहा वर्षांत दाखवण्यासारखे बहुधा काही निघत नाही. म्हणून ही ठिकाणे प्रकल्प म्हणून सुरू करू नयेत. भरतीमापक जसा बंदराच्या कायम खर्चात चालतो तशी ती राज्याच्या कायम खर्चात असावीत, मोजणाऱ्यांची पदे कायम असावीत आणि सगळे आकडे त्याच महिन्यात सर्वांसाठी खुले व्हावेत. तारली आणि बांगडा एखाद्या वर्षी किनारा का सोडतात, यावर दर हंगामात वाद होतो. कुणी ट्रॉलरवाल्यांना दोष देतो, कुणी पर्ससीनवाल्यांना, कुणी पावसाला. पाण्यात तेव्हा ऑक्सिजन किती होता, हे त्या वादात कुणालाच सांगता येत नाही.